दहावा शिक्का

चंपकगडात बेकाराला राजाकडून रोजचा शिधा मिळे. मग नवे प्रधानजी आले. दरबारात आधी त्यांचं पोट शिरे, मागून ते. त्यांनी दवंडी पिटवली, "राज्यात काम मुबलक आहे, लोकच आळशी! दहा बड्या घरांतून 'काम नाही' असा शिक्का आणा, नाहीतर शिधा बंद!"

सटवाजी भोई पालखी वाहायचा. बड्यांनी बग्ग्या घेतल्या आणि त्याचा खांदा रिकामा झाला. घरी बायको ओली बाळंतीण. नऊ शिक्के मिळाले, दहावा मिळेना. भर दरबारात रांगेत त्याच्या पुढच्या दोघांचा शिधा तुटला, मग त्याची पाळी आली.

"दहावा कुठाय रे?" प्रधानजी गरजले.

सटवाजीनं नऊ शिक्क्यांचा कागद पुढे केला. म्हणाला, "दहावं दार आपलंच, सरकार. अख्ख्या राज्याचा कारभार आपल्या हाती. काम असेल तर आत्ता लावा, नसेल तर शिक्का मारा."

प्रधानजींनी तोऱ्यात शिक्का उचलला, आणि तो हवेतच राहिला. मारावा तर आपलीच दवंडी खोटी, न मारावा तर काम द्या!

राजेसाहेब पुढे वाकले. "मारा की, प्रधानजी! आम्हालाही वाचू द्या."

प्रधानजींनी शिक्का गुपचूप खाली ठेवला आणि तिघांचाही शिधा स्वतःच्या हातांनी त्यांच्या पदरात घातला.