हौसाची हाळी

एकदा काय झालं, एका डोंगरी देशात वीस वर्षं लढाई चालली. वरवाडी आणि हेटवाडी आपसातच लढल्या. लढून थकल्या, तेव्हा मोडक्या तलवारी त्यांनी दरीत फेकून दिल्या. आणि बरं का, त्या तलवारींची झाली रानडुकरं! लोखंडी! दिवस कलला की कळप वर यायचा आणि शेतं, घरं तुडवायचा.

मग राजानं दूरदेशीचे राक्षस पहाऱ्याला बोलावले. ताडाएवढे उंच! डुकरं दबली. पण राक्षसांना विचारल्याशिवाय कुणाला ओढ्यावरसुद्धा जाता येईना.

राजाची लेक हौसा. राक्षसांच्याच देशात शिकून आली होती. ती म्हणाली, "बाबा, आपली राखण आपण करू."

राक्षसांचा नाईक खदाखदा हसला. "ताईसाहेब, तुमचे शिपाई आमच्या जोड्यात झोपतील! बरं, तीन दिवस वेशीबाहेर थांबतो. बोलावलंत तर येऊ. पण मग कधीच जाणार नाही."

पहिल्या दिवशी हौसानं शिपायांना राक्षसांसारखी चिलखतं घातली. दोन पावलं चालले आणि धपाधप पडले. वरवाडीची शेतं गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना राक्षसांसारखं खिंडीत रांगेनं उभं केलं. राक्षस चारच पुरायचे. इथं चाळीस उभे राहिले, तरी फटी उरल्या. डुकरं आत शिरली. हेटवाडीची घरं गेली.

"बोलवा राक्षसांना!" लोक ओरडले.

हौसाला रडू आलं, पण ती हटली नाही. तेवढ्यात हेटवाडीची धोंडाक्का म्हणाली, "सात वर्षं शिकलीस, आणि डुकरापासून शेत कसं राखतात तेच विसरलीस व्हय गं? शेतातल्या माळ्यावर चढायचं. हाळी द्यायची. पुढच्या माळ्यानं ओ द्यायची. अन् गोफण!"

"मग इतकी वर्षं का नाही दिली हाळी?"

धोंडाक्का खाली बघत म्हणाली, "पुढचा माळा वरवाडीचा. त्यांच्या हाकेला आम्ही ओ देत नाही. ते आमच्या देत नाहीत."

तिसऱ्या दिवशी हौसा स्वतः हेटवाडीच्या माळ्यावर चढली. दरीतून खणखणाट आला.

"हो ऽ ऽ! डुकरं आली!" वरवाडी गप्प.

"हो ऽ ऽ! तुमचीबी, आमचीबी!" वरवाडी गप्प.

कळप पायथ्याशी आला. राक्षसांना बोलवायला वेशीकडे धावावं का? नाही! तिनं छाती भरून तिसरी हाळी दिली. आणि वरवाडीच्या माळ्यावरून एक म्हातारा खेकसला, "ओ ऽ ऽ! ऐकू येतंय, बहिरे नाही आम्ही!"

मग काय! माळ्यामागून माळा बोलू लागला. गोफणी सुटल्या. डुकरं वळतील तिकडून हाळी, पळतील तिकडून धोंडा. धडाधड एकमेकांवर आदळली, आणि उरल्या गंजक्या तलवारी.

राक्षस आपल्या घरी गेले. दोन्ही वाड्या सुखानं राहिल्या. पाळीपाळीनं जागल्या, पाळीपाळीनं झोपल्या.

आणि आत्ता, बरं का, तुमची पाळी झोपायची. मिटा डोळे.