कोनातली माती

निळखेडच्या महादेवाला आलेला यात्रेकरू आधी महादेवाला हात जोडत नाही. सभामंडपात शिरले की उजव्या हाताच्या कोपऱ्यात जमिनीपासून थेट छतापर्यंत मातीचा ढीग उभा आहे. शेणाने सारवलेला, हळदीकुंकवाने माखलेला. त्याला कोनाई म्हणतात. आधी कोनाई, मग महादेव. शहरातल्या पाहुण्यांना वाटते, दुरुस्तीचे काम अर्धवट राहिले असावे. एखादा हौशी तर सुचवतोही, की एवढा ढीग उपसला तर मंडप किती मोकळा होईल! तेव्हा गावकरी त्याला बाहेर पारावर आणून बसवतात आणि मग गोष्ट सांगतात. ती आत बसून सांगत नाहीत.

फार मागे या डोंगरपट्ट्यावर एक मांडलिक राजा होता. नवसाने मुलगा झाला म्हणून त्याने हे देऊळ बांधायला घेतले आणि काम मायदेव पाथरवटाला दिले. चुन्याचे बोट न लावता, दगडात खाच पाडून दगड बसवायचा, अशी त्या काळची बांधणी. पण घराएवढ्या शिळा वर न्यायच्या कशा? तर असे सांगतात, की खांब जसजसे चढत, तसतसा मंडप मातीने भरीत जायचे आणि मातीच्या उतारावरून शिळा ओढायच्या. छत बसेपर्यंत देऊळ मातीने गच्च भरलेले असे. मग ती सगळी माती पाट्यांनी दारातून बाहेर काढायची. उपसा चालू असताना बांधणाऱ्याने छताखाली बसून राहायचे, हा पाथरवटांचा रिवाज. राजाने त्यात आपली भर घातली होती. एक जरी शिळा ढळली, तर मायदेवाचे दोन्ही हात मनगटापासून तोडायचे.

छत बसल्यावर एक पावसाळा जाऊ दिला आणि दसऱ्यानंतर उपसा सुरू झाला. माती वाहणाऱ्या बायांत मायदेवाची बायको देमाई होती. मूलबाळ नव्हते, घरात बसून करायचे काय? तिची धाकटी जाऊ साकाई पोटुशी होती, तरी तीही बरोबरीने राबत होती. माती वरून काढायची म्हणून बाया छताखाली पोटावर सरपटत आणि पाटी मागे सारीत. पाठीला दगड लागायचा. कोणी मोठ्याने बोलत नसे.

पावसाळ्यात माती बसली होती. त्यामुळे माती आणि छत यांच्यात सगळीकडे हात शिरेल एवढी फट पडली होती. छत आपल्या खांबांवर उभे आहे, याची ती खूण. देमाई दाराकडून उजव्या हाताच्या कोपऱ्याकडे सरकत गेली आणि तिने सवयीने हात पुढे घातला. हात गेला नाही. तिने बाजूला चाचपले, आणखी आत चाचपले. तिथे नखही शिरत नव्हते. माती खाली बसली होती आणि तिच्याबरोबर छतही खाली आले होते. त्या कोपऱ्यातले छत खांबावर नव्हते, मातीवर टेकले होते.

ती तशीच उलटी सरपटत बाहेर आली.

दुपारी भाकरी वाढताना तिने नवऱ्याला सांगितले. मायदेवाचा घास हातात राहिला. त्या कोपऱ्यात पूर्वी पाण्याचा झरा होता. तो बुजवून खांब उभा केला होता, हे एकट्या त्यालाच ठाऊक होते.

"उद्या तू येऊ नगंस," तो म्हणाला. "पोटात दुखतंय म्हन."

"अन् साकाईला काय सांगू?"

मायदेव हात धुऊन उठून गेला. देमाईला त्या घटकेला छतापेक्षा नवऱ्याची भीती जास्त वाटली.

बोलावे तर नवऱ्याचे हात जाणार. गप्प बसावे तर सगळ्या बाया चिरडणार, आणि खाली बसलेला मायदेवही. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन सर्वांच्या आधी मंडपात हजर झाली. मायदेव मधोमध बसला होता. त्याने तिला पाहिले आणि मान खाली घातली. ती रोज येत राहिली; काही दिवसांत बाकीचा मंडप मोकळा झाला आणि उपसा कोपऱ्याला भिडला. मातीच्या उभ्या अंगावरून खडे आपोआप सुटू लागले, वर दगड कुरकुरला. साकाईने कुदळ मारायला जागा केली.

तेव्हा देमाईने केस मोकळे सोडले. तिच्या अंगात कधी देवी आली नव्हती. मावशीच्या अंगात येताना तिने पाहिले होते, तेवढेच. देवीचे नाव घेऊन खोटे बोलणाऱ्याचे काय होते, तेही तिने ऐकले होते. ती त्या मातीला पाठ लावून बसली, घुमू लागली, आणि तिच्या तोंडून शब्द आले, "हा कोन माझा हाय. हितल्या मातीला हात लावंल त्याचा वंस बुडंल."

बायांनी पाट्या टाकल्या. राजाला वर्दी गेली. तो आला, पण त्याचा विश्वास बसेना. त्याने मायदेवालाच विचारले, की ही देवी आहे की तुझी बायको? तू सांगशील ते मी मानीन.

मायदेव उठला. बायकोपुढे गुडघे टेकून त्याने तिच्या पायावर डोके ठेवले आणि म्हणाला, "आई, चुकलं माझं."

राजाने हात जोडले. कोन तसाच राहिला. मायदेवाचे हात वाचले, साकाई वाचली. पण ज्या बाईला नवऱ्याने चारचौघांत आई म्हटले, ती त्याच्या घरी परत कशी जाणार? मायदेव दुसऱ्या मुलखात कामाला निघून गेला. देमाई मरेपर्यंत त्या कोनाशी राहिली. तिला देमाई म्हणून हाक मारणारे कोणी उरले नाही. साकाईसुद्धा लांबूनच पाया पडायची, आणि देमाईला ते फार लागायचे म्हणे. दर पावसाळ्यानंतर ती शिडीवर चढायची. माती बसून फट पडली असेल, तर छताचा टेकू सुटू नये म्हणून ओली माती ठासून ती बुजवायची.

आजही पावसाळा सरला की साकाईच्या वंशातली एक सून शिडी लावून वर चढते. देवळात तेव्हा दुसरे कोणी नसते. सगळे गाव जीव मुठीत धरून बाहेर उभे असते. ती छताखाली हात घालून बघते, खाली उतरते आणि दारात येऊन सांगते, "हात शिरत न्हाई." दरसाल हेच शब्द. शहानिशा करायला दुसरे कोणी वर चढत नाही. सांगून झाले की ती एकटीच आत परत जाते, कोनाला पाठ लावून त्या छताखाली बसते, आणि ती बसल्याचे दिसले की मग गाव उंबरा ओलांडते.