नकलेची पावती

कंपनीने लाकडी विमानाचा खेळसंच बंद केला, तेव्हा मैथिलीने लेकीच्या मोडक्या विमानासाठी संचातल्या कागदावरून आराखडा उतरवला, नवा पंख कापला. चार हौशी लोकांनाही करून दिला. मग कंपनीचे वकील टिपरे दारात हजर.

“विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही, बाई. ही नक्कल आमच्या ताब्यात द्या.”

“मूळ आराखड्याशी ताडून बघता?” मैथिलीने विचारलं.

“तो रद्दीत गेला.”

“मग न्या, साहेब. फक्त पावती द्या: ‘आम्ही रद्दीत घातलेला आराखडा या बाईंनी जपला होता, आज परत मिळाला.’”

अशी कबुली लेखी द्यायला नको म्हणून टिपरेंनी उघडलेलं पेन मिटलं. ते रिकाम्या हातांनी गेले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका आजोबांनी पंख मागितला. मैथिलीने ‘नाही’ असं कळवलं. टिपरेंना दिलेलं उत्तर तिचं बिनतोड होतं, हक्क मात्र कंपनीचाच होता.