सुभानाचा पूल आणि रावजीची जीभ

फार जुन्या काळची गोष्ट, बाळांनो, आणि तुमच्या आजोबांनीही कान देऊन ऐकावी अशी.

एका डोंगरावर एक गाव होतं. तीन बाजूंना दाट रान, चौथ्या बाजूला खोल दरी. दरीवर सुभाना सुताराने सागाच्या ओंडक्यांचा पूल बांधला होता. पलीकडे नुसता उघडा कातळ.

गावाचा म्हातारा मुखिया थकला आणि नवा निवडायची वेळ आली. एकीकडे सुभाना, दुसरीकडे रावजी. रावजी काही वाईट माणूस नव्हता. हुशार होता, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याने ताटावरून उठून यावं! पण पहिल्याच सभेत सुभानाच्या नावाला जास्त टाळ्या पडल्या आणि रावजीच्या पोटात दुखू लागलं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तो हळूच म्हणाला, "मी काही बोलत नाही बरं! पण त्या पुलाचे ओंडके आतून किडलेत म्हणे."

झालं! सकाळी किडलेला पूल दुपारी डुगडुगायला लागला आणि संध्याकाळी त्यावरून कुणाचं तरी वासरूही पडलं. कुणाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुभाना पुलावर उड्या मारून दाखवू लागला. "बघा, हलतोय का कुठे?"

"सुतारच तो! पाय कुठे ठेवायचा ते त्याला बरोबर ठाऊक!" रावजी ओरडला. लोक खो खो हसले.

रावजी निवडून आला. ढोल वाजले, गुलाल उधळला! लोकांच्या खांद्यावर बसून तो मिरवत होता. सुभानाचा पडलेला चेहरा त्याला दिसला, पण ढोलाच्या दणक्यात तो विसरलाही. इतक्यात वाऱ्यावर धूर आला.

"वणवा! वणवा!"

तिन्ही बाजूंनी रान पेटलं होतं. सगळे धावत सुटले ते थेट दरीच्या काठाशी, आणि तिथेच खिळले.

"थांबता काय? पलीकडे चला!" रावजी ओरडला.

त्याच्याच बायकोने लेकीला छातीशी आवळलं. "पूल किडलाय, असं तुम्हीच सांगितलंत ना? मी लेकराला घेऊन पाय ठेवायची नाही."

रावजी पुलाच्या मध्यावर धावला, नाचला. "हा बघा, भक्कम आहे!"

"एकट्याला पेलेल हो! अख्ख्या गावाला?" गर्दीतून कुणी म्हणालं.

ठिणग्या पागोट्यांवर पडू लागल्या. "मी खोटं बोललो!" तो किंचाळला. "पुलाला काही झालेलं नाही. मला निवडून यायचं होतं!"

तरी कुणी हललं नाही. खोटं कालचं की आजचं, कोण सांगणार?

मग रावजी काठावर परतला, बायकोकडून लेकीला घेतलं आणि सुभानाच्या हाती दिलं. "सुभानादादा, हिला तुम्ही न्या. तुमच्या पुलावरून."

काठाशी कुणीतरी घाईत हाकत आणलेली, धान्याने भरलेली बैलगाडी उभी होती. पोरीला पुढ्यात घेऊन सुभानाने ती गाडी पुलावर घातली. चाकं गडगडली, ओंडके करकरले, पण पूल तसूभरही खचला नाही! मग मात्र गाव लोटलं. सर्वांत शेवटी रावजी आला.

माणसं वाचली. पण काठावर थांबण्यात वेळ गेला आणि मागे जाऊन दावणीची गुरं कुणालाच सोडता आली नाहीत. कातळावर बसून सगळ्यांनी त्यांचं हंबरणं ऐकलं. रावजीने कान झाकून घेतले नाहीत.

राख निवल्यावर गावाने सुभानाला मुखिया केलं. रावजीला कुणी शिव्या दिल्या नाहीत. पण पुढे तो 'विहिरीचं पाणी गोड आहे' म्हणाला, तरी लोक आधी ओंजळभर चाखून बघत.

तात्पर्य: दुसऱ्याची बदनामी करून निवडणूक जिंकता येते, पण गावाचा विश्वास मोडून गाव चालवता येत नाही.