कोयीची पुंगी आणि जळका राजा

एका राज्यात झुंजारसेन नावाचा राजा होता. त्याच्याकडे सोन्याची वीणा होती. तो ती रोज वाजवी आणि दरबार माना डोलवी. दरबाराला दुसरे काम काय? त्याची लाडकी लेक हेमकळा मात्र जांभया देई.

एके सकाळी राजवाड्याच्या तटाखाली शेळ्या राखणाऱ्या भिवरीने आंब्याच्या कोयीची पुंगी वाजवली. हेमकळा टाळ्या पिटू लागली. राजाच्या काळजात निखारा पडला.

"माझ्या वीणेला जांभई, अन् उकिरड्यावरच्या कोयीला टाळी?"

त्याने भस्मनाथ मांत्रिकाला बोलावले. "पोरांची सगळी वाद्ये मुकी कर."

"करतो. पण महाराज, त्यांना टाळी देणाराही..."

"कर म्हणतो ना!"

मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली. पपईच्या देठाची पिपाणी, करवंट्यांचे टाळ, ज्वारीच्या धांड्याची सारंगी, सगळे गप्प. आणि हेमकळाही गप्प! तोंड उघडे, शब्द नाही.

राजा ऊर बडवू लागला. तेवढ्यात एक साळुंकी वीणेवर येऊन बसली. तिने मोड आलेल्या तीन कोया त्याच्या ओंजळीत टाकल्या आणि म्हणाली, "स्वतः पुंगी कर. ती वाजली की शाप सुटेल."

पहिली कोय राजाने रागारागाने घासली. तिला नको तेवढे भोक पडले. दुसरी सोन्याच्या ताटावर घासली. सोने गुळगुळीत, कोय घासेचना. त्याने कट्यार खुपसली, कोय दुभंगली. तिसरी घेऊन राजा पायी तटाखाली गेला.

"पोरी, शिकव."

भिवरीने खडबडीत दगड पुढे सरकवला. "हळू घासायचं, महाराज. राग आला की थांबायचं."

"मग सारखंच थांबावं लागेल."

"मग थांबा की!"

दिवस कलला तेव्हा पुंगी झाली. राजाने ती ओठांशी नेली.

"अंहं! आमच्यात पहिली फुंक दुसऱ्याची. नाहीतर पुंगी रुसते."

राजाचा चेहरा काळवंडला. म्हणजे पुन्हा हिचेच कौतुक! त्याने वर पाहिले. तटावर मुकी लेक उभी होती. त्याने पुंगी भिवरीच्या हाती दिली.

पोंऽऽऽ! सूर असा लखलखीत निघाला, की राजा तळपायापर्यंत जळला. तरी त्याने टाळी वाजवली.

"बाबा, आता तुम्ही!" वरून हेमकळा ओरडली.

राजाने फुंक मारली. शेळ्या उधळल्या. हेमकळा पोट धरून हसली आणि राज्यभर पोरांची वाद्येही एकदम वाजू लागली.

तेव्हापासून त्या राज्यात सारे सुरळीत आहे. राजा अजूनही जळतो म्हणतात, पण पहिली टाळी त्याचीच असते.