आंब्याच्या पोटातली बाळंतीण

गोजरीच्या पायात चप्पल नव्हती, घरात तीन दिवस तांदूळ नव्हता आणि आई तापाने फणफणली होती. पण पोरगी रडकी? छे, नाव नको! ओंजळभर लाललाल उंबरं परकराच्या ओच्यात घेऊन ती आईकडे निघाली होती.

देवराईत सोनेरी कवडशातून एक इवलीशी परी उतरली. हिरवेगार पंख, चमचमते डोळे!

"गोजरीबाळा, एक वर माग. पण आपल्या घरापुरताच हं. परक्यासाठी मागितलास, की वर गेला."

गोजरी 'तांदूळ' म्हणणार, तोच खट्ट! कुऱ्हाडीचा आवाज. ती धावली.

भिवाकाका जुन्या रानआंब्यावर घाव घालत होता.  त्याच आंब्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिल्लाला घेऊन बसली होती. दार आतून लिंपलेलं, चोचीपुरती फट उघडी. झाड पडलं तर बिचारी निसटणार कशी? पिवळ्याधमक चोचीत फळ धरून धनेशबाबा दूरच्या फांदीवर घाबरून बसला होता.

"परीताई, हे झाड वाचव!"

"अगं, धनेश का तुझ्या घरचा? गेला तुझा वर."

"जाऊ दे! मी आहे ना!" गोजरी खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"सर बाजूला," भिवाकाका म्हणाला. "परवा लेकाचं बारसं. पाळण्याला लाकूड नको?"

"नाही सरणार! काका, काकू बाळंतिणीच्या खोलीत आहे ना? तिचं दार कुणी कुऱ्हाडीने फोडलं तर?"

ती सरसर वर चढली. फटीपाशी उंबर धरलं. आतून चोच आली, हळूच उंबर घेऊन गेली. मग दुसरं, तिसरं, सगळी.

भिवाकाकाने कुऱ्हाड खाली टाकली. "माझी बायकोही पेजेसाठी अस्साच हात पुढे करते गं. लुगड्याची झोळी बांधीन लेकाला."

"ओचा रिकामा झाला की," परी म्हणाली. "आता आईला काय देशील?"

गोजरीचे डोळे भरले, पण नाक वरच. "पुन्हा वेचीन! पण तुझा नियम मुळीच चांगला नाही!"

 परी खुदकन हसली. "शंभर वर्षं पाळतेय बाई मी तो. गेला खड्ड्यात!" तिने टाळी वाजवली आणि लखलख उजेडात ती विरून गेली.

घरी आई उठून बसली होती, ताप उतरला होता. चुलीवर भात रटरटत होता.

त्या आंब्यावर कुणाला घाव घालायचाच असेल, तर खुशाल यावं. गोजरी तिथेच भेटेल, खोडाला पाठ लावून.