हरणीची उडी

गडागडांवर तोफांपेक्षा पोवाडेच जास्त गरजायचे, त्या काळची गोष्ट. सरदार धाररावांना त्यांच्या हरणी घोडीने एका उडीत दरी ओलांडून शत्रूपासून वाचवलं, असं शाहीर गायचे. हरणी कान हलवत ऐकायची आणि चंदी खायची.

पुढच्या लढाईत शत्रू पुन्हा मागे लागला. सरदारांनी दरीच्या कडेला टाच मारली. हरणी जागची हलेना.

“अगं, मागे मारलीस तशी मार की उडी!”

“धनी, मागे आपण शेळ्यांच्या वाटेने उतरलो होतो. तुम्ही डोळे गच्च मिटले होते.”

हरणी त्याच वाटेला वळली. सरदारांनी पुन्हा डोळे मिटले.

ते गडावर परतले, तशी शाहिराने डफावर थाप मारली. पोवाड्यात आता उड्या दोन होत्या.